येसाजी कंट्रोलरांचा किडनीचा उपवास

ज्याने जिभेवर ताबा मिळवला त्याला जगात जिंकण्यासारखे दुसरे काही उरत नाही, असे येसाजी कळंबे यांनी आपल्या पडवीत बसून जाहीर केले, तेव्हा त्यांच्या तोंडात साबुदाण्याचा वडा होता. त्यामुळे ‘जिंकण्यासारखे’ हा शब्द नीट बाहेर पडला नाही. पण ऐकणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांच्याही हातात वडेच होते.

येसाजी म्हणजे महाड आगाराचे निवृत्त कंट्रोलर. गाडी का आली नाही हे त्यांना नोकरीभर कधी कळले नाही, पण ती येणार हे ते खिडकीतून इतक्या ठामपणे सांगत की लोक निमूट बाकावर जाऊन बसत. ठामपणा हा त्यांच्या अंगचा गुण होता. माहितीचा त्याच्याशी संबंध नव्हता. निवृत्तीनंतर ते पोलादपूरच्या वर डोंगरात, उंबरकोंड या आपल्या वाडीला येऊन राहिले. तिथे एकच एसटी येते. तिच्या येण्याजाण्याचीही खात्री ते आजतागायत देत असतात आणि लोक आजतागायत बाकावर बसून असतात.

तर या येसाजींचे पाय सुजले. आठवडाभर त्यांनी सुजेला ‘चपला लहान झाल्यात’ असे नाव दिले. मग चंद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबाने, त्यांना गाडीत घातले आणि महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत डॉक्टर अक्षदांच्या दवाखान्यात नेऊन बसवले. रक्त गेले, लघवी गेली, दोन्हींचे कागद परत आले.

“काका,” डॉक्टर म्हणाल्या, “तुमच्या दोन्ही किडन्या थकल्यात. बीपी बरीच वर्षं अंगावर काढलंत, त्याचं हे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. या गोळ्या रोज, जेवणानंतर. गुडघ्यासाठी परस्पर मेडिकलमधून आणता त्या दुखण्याच्या गोळ्या बंद. झाडपाला मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि पथ्य पाळायचं.”

येसाजी मान हलवत होते. कंट्रोलरच्या खिडकीत बसलेला माणूस ‘समजलं नाही’ असे म्हणत नसतो. दारातून पुढच्या पेशंटचे डोके आत आले होते आणि त्याच्याखालून आणखी एक. चंद्राबाईंनी मात्र मुद्द्याचे विचारले.

“मीठ?”

“मीठ अगदी कमी. लोणचं, पापड, सुकी मासळी बंदच करा.”

“म्हंजे अळणी.”

“अळणीच समजा काकू.”

“किती दिवस?”

“हे आता कायमचंच.”

डॉक्टर अक्षदा हुशार होत्या. पण त्या बोलण्यात त्यांच्या हातून एक चूक झाली. ज्या गोष्टीत मीठ वर्ज्य आहे, जी नेमाने पाळायची आहे, आणि जी मोडली तर माणसाचे वाईट होते, तिला उंबरकोंडात एकच नाव आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. चंद्राबाईंना ठाऊक होते. सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि नवरात्र इतका त्यांचा अनुभव होता. गाडी पोलादपूरला पोचायच्या आत त्यांनी मनाशी ठरवून टाकले. डॉक्टरबाईंनी उपवास सांगितला आहे.

दुसऱ्या दिवसापासून येसाजींच्या ताटातून भात गेला, कारण भात उपवासाला चालत नाही. भाकरी गेली. डाळ, कांदा, लसूण, दुध्याची भाजी, सगळे गेले. आणि जे चालते ते आले. साबुदाणा आला, वरी आली, बटाट्याचा कीस आला, रताळी आली, शेंगदाण्याची आमटी आली, केळी आली, आणि दिवसाआड एक शहाळे आले. या सगळ्यात सैंधव घातलेले असे. सैंधव म्हणजे मीठ नव्हे, याबद्दल चंद्राबाईंना तिळमात्र शंका नव्हती. ते मीठ असते तर देवाने उपवासाला चालवून घेतले असते काय? या प्रश्नाला उत्तर नाही. येसाजींनी शोधून पाहिले होते.

“अगो, पन डॉक्टरनं भात खाऊ नको असं नाय सांगितलं,” ते पहिल्या दिवशी म्हणाले.

“त्या लहान हायत. त्यांनी कंदी उपास केलाय?”

“गोळ्या तरी दे.”

चंद्राबाईंनी गोळ्यांचे पाकीट उलटसुलट करून पाहिले. “यावर काय सांगितलंय? जेवनानंतर. तुमी जेवलात?”

येसाजींनी विचार केला. पोट तुडुंब भरले होते. पण ते जेवले नव्हते. उपवासाला माणूस जेवत नाही, फराळ करतो. हे त्यांच्या आजीपासून चालत आले होते. मग गोळी घेणार कशी? रिकाम्या पोटी घेतली आणि आत काही जळले तर जबाबदार कोण? नियमाचा माणूस असल्याने त्यांना हे पटले. पाकीट देवघराच्या कोनाड्यात ठेवले गेले आणि रोज संध्याकाळी त्याच्यावरून उदबत्ती फिरू लागली.

एवढी कडक शिस्त लागण्याचे कारण वेगळे होते, आणि ते डोंबिवलीला सातव्या मजल्यावर राहत होते. ते म्हणजे त्यांचा मुलगा किशोर.

“बाबा,” किशोर फोनवर म्हणाला होता, “पुढच्या रिपोर्टला आकडा वाढला ना, तर मी सरळ गाडी घेऊन येतो. इथं हॉस्पिटल खालीच आहे, डायलिसिसचं मशीनपण आहे. तुम्ही दोघं इकडंच राहायचं. नो टेन्शन.”

येसाजी एकदा तिकडे राहून आले होते. सकाळी बाल्कनीत उभे राहून त्यांनी समोरच्या बाल्कनीतल्या गृहस्थांना, “काय, चहा झाला का?” असे साध्या माणुसकीने विचारले होते. त्या गृहस्थांनी आत जाऊन काच लावून घेतली आणि येसाजी असेपर्यंत ती उघडली नाही. ज्या गावात माणसाला चहाचे विचारता येत नाही, तिथे उरलेले आयुष्य काढायचे, तेही मशीनच्या आधाराने, हे येसाजींना मान्य नव्हते. चंद्राबाई तर डोंबिवलीचे नाव काढत नसत. त्या ‘तिकडं’ म्हणत, जसे लोक स्मशानाबद्दल बोलतात. तेव्हा हा उपवास साधा नव्हता. तो डोंबिवली टाळण्यासाठी धरलेला होता. चंद्राबाईंनी तो स्वतःही धरला. नवऱ्याला एकट्याने पाळू द्यायचे, अशी त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

वाडीत बातमी लपत नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारची बनुबाई आली. ती येसाजींची चुलत वहिनी. सल्ला मागावा लागत नाही, हा तिचा मोठेपणा.

“काय भावोजी, उपास धरलात म्हनं.”

“धरला.”

“कशाचा?”

“किडनीचा.” येसाजींनी पोटावर डाव्या बाजूला, बरगडीच्या जरा खाली हात ठेवला. आजार कळल्यापासून हा हात तिथे असे. तिथे थोडे दुखतही असे, विशेषतः बटाट्याच्या किसानंतर.

“ते कळलं. पन देव कुठला?”

येसाजींनी चंद्राबाईंकडे पाहिले. चंद्राबाईंनी चुलीकडे पाहिले. एवढे सगळे केले, पण देव नेमायचा राहून गेला होता.

“देवाबिगर उपास म्हंजे नुसतं उपाशी ऱ्हानं,” बनुबाई म्हणाली आणि तिथेच बसून तिने दोन वडे खाल्ले. जाताना म्हणाली, “माझ्या गुडघ्याला चालंल काय गो ह्यो उपास?”

चालायला कोणाची हरकत असणार? बनुबाईने धरला. आठवड्यात तिचा गुडघा हलका वाटू लागला. तिचा लेक त्याच आठवड्यात सुट्टीवर आला होता आणि विहिरीचे पाणी तोच भरत होता, या योगायोगाकडे कोणी लक्ष दिले नाही. मग खालच्या आळीतल्या आवडीने डोकेदुखीसाठी धरला. तिचे पाहून तिच्या जावेने कशासाठीच नाही, पण मागे राहायला नको म्हणून धरला. बघता बघता निम्म्या वाडीच्या चुलीवर साबुदाणा भिजू लागला. पोलादपूरच्या बाजारात सैंधव मिळेना. येसाजींच्या पडवीत संध्याकाळी माणसे जमू लागली, आणि तिथेच ते जिभेवरच्या विजयाबद्दल बोलू लागले. नोकरीत असताना त्यांच्या खिडकीपुढे गर्दी असे, पण ती गाडीसाठी. खास येसाजींसाठी जमलेली गर्दी ही पहिलीच. माणूस थोडा वाहवला तर त्यात नवल नाही.

अडचण काढली ती गावकीने.

गावकी म्हणजे वाडीचे सरकार. खऱ्या सरकारच्या बारा खात्यांत जितक्या अडचणी असतात तितक्या ती एका घोंगडीवर बसून काढू शकते. हैबती शेलार हे तिचे अध्यक्ष. हैबती आणि येसाजी लहानपणापासूनचे सोबती, त्यामुळे एकमेकांचे कुठलेही म्हणणे दोघांना सहसा पटत नसे. हैबतींनी देवळाच्या मांडवात बैठक लावली. विषय एकच. कंट्रोलरने काढलेला उपास कुणाच्या नावाने, आणि कुणाला विचारून.

“येसू, तुझा आजार तुझा. त्याबद्दल म्हननं नाय,” हैबती म्हणाले. “पन सत्यनारायनाला उसळ उरली. सगळ्या बायका म्हनतात उपास हाय. इचारलं कसला, तर म्हनतात येसाजीच्या किडनीचा. तुझी किडनी गावची कंदी झाली?”

“मी कुनाला सांगाया गेलो नाय.”

“आनि त्यो हात पोटावर का धरलास?”

“किडनी हाय तिथं.”

“तिथं नाय. किडनी पाठीला असते.” हैबती दर जत्रेला बोकडाचे वाटे करत. त्यामुळे शरीराच्या आतल्या बाजूबद्दल वाडीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. “मी सोलताना बगितलीत. दोन असतात, पाठकण्याला चिकटून, चरबीत.”

येसाजींची इतक्या दिवसांची पडवी पणाला लागली होती. आजार त्यांचा, आणि अवयवाचा पत्ता हैबतींनी सांगायचा?

“हैबती,” ते सावकाश म्हणाले, “बोकड चार पायांवर चालतो. त्याची पाठ वर. मानूस उभा ऱ्हातो. उभा राह्यला की आतलं सगळं पुढं सरकतं.”

लोकांनी यावर विचार केला. त्यात काही तरी होते. भरलेली एसटी ब्रेक मारल्यावर कशी पुढे सरकते, हे प्रत्येकाने पाहिलेले होते. एका म्हाताऱ्याने “बराबर हाय” म्हटले आणि मुद्दा येसाजींच्या बाजूने निकालात निघाला. हैबतींनी मुद्दा सोडला. पटून नव्हे.

देवाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. उपास गावदेवीच्या नावाने धरला, असे लावून घ्यायचे ठरले. पण देवीच्या नावाचा उपास म्हटला की उद्यापन आले, आणि उद्यापन म्हटले की सगळ्या वाडीला जेवण आले, आणि वाडीला जेवण म्हटले की मुंबई मंडळाची मंजुरी आली. कारण वाडीतले निम्मे लोक मुंबईला असतात आणि त्यांना न विचारता इथे कोणी जेवले तर ते मनाला लावून घेतात. मंडळाचे चिटणीस श्रीपत यांना फोन लावला. रेंजसाठी फोन दीपमाळेवर ठेवला आणि सगळी गावकी तिच्याभोवती उभी राहिली.

“कोरम नाय,” दीपमाळेतून श्रीपतचा आवाज आला. “उपाध्यक्ष किशोर कळंबे मीटिंगला येत नाय. पुढच्या संडेला बघू. तोवर उपास कंटिन्यू ठेवा.”

अखेर पुढच्या संडेच्या पुढच्या संडेला मंजुरी आली. उद्यापन शिमग्याला, मुंबईकर आल्यावर. तोवर उपास सोडायचा नाही. सोडणाऱ्याला देवीला नारळ द्यावा लागेल. येसाजींची किडनी आता रीतसर गावकीच्या ताब्यात गेली होती.

इकडे येसाजींचे पाय आणखी जड होऊ लागले. पडवीची पायरी चढली की दम लागे. “अंगातलं वाईट बाहेर पडतंय,” बनुबाई म्हणाली, आणि राहिलेले बाहेर पडावे म्हणून महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात बसायचा सल्ला तिने दिला. मिठाची बरणी गरम पाण्याने स्वच्छ निघते हे तिने रोज पाहिलेले होते. मग माणूस का निघू नये? रिपोर्टच्या आदल्या दिवशी तिघे सवला गेले. येसाजी कुंडात मानेपर्यंत बसले. बसल्यावर फार बरे वाटले. उठल्यावर मात्र कुंड, झाडे आणि बनुबाई ही सगळी एका दिशेला सरकू लागली. चंद्राबाईंनी त्यांना काठावर टेकवले, ताकदीसाठी दोन केळी चारली आणि वर एक शहाळे पाजले. छातीत धडधडू लागले तेव्हा येसाजींना पहिल्यांदा वाटले, की आपण एवढे काटेकोर वागतो आहोत, मग बरे का वाटत नाही? हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही. उपासात शंका घेतली की फळ जाते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अक्षदांनी रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला, आकडा पाहिला, आणि तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून मशीन ठीक असल्याची खात्री करून घेतली. मग रक्ताचा कागद आला. तो त्यांनी उभ्यानेच वाचला.

“काका, काल काय जेवलात?”

“जेवलो नाय.”

“भूक लागत नाही का?”

“भूक हाय म्याडम. जेवन नाय.”

“किती दिवस जेवला नाहीत?”

“तुमी सांगितल्यापासनं.”

डॉक्टर खाली बसल्या. “मग पोटात काय जातं दिवसभर?”

चंद्राबाईंनी पुढे होऊन अभिमानाने सांगायला सुरुवात केली. बटाट्यापाशी डॉक्टरांनी डोळे मिटले. केळ्यांपाशी कपाळाला हात लावला. शहाळ्यापाशी त्यांनी घंटी वाजवून सिस्टरला बोलावले आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितली.

“आणि मीठ?”

“शिवलं नाय. नुसतं सैंधव.”

“गोळ्या?”

चंद्राबाईंनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवले. त्याला उदबत्तीचा वास येत होता. “एकपन वाया घालवली नाय,” त्या म्हणाल्या.

येसाजींना तिथेच खाटेवर झोपवण्यात आले. रक्तातले पोटॅशियम भलतेच वाढले आहे, ते हृदयाला धोक्याचे असते, तेव्हा ते उतरेपर्यंत इथून हलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून येसाजी अधिक घाबरले. चंद्राबाई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिल्या. इतकी वर्षे उपास केले, एकही मोडला नाही, एकाचेही असे उलटे फळ आले नव्हते.

सुई-सलाइनने पोटॅशियम उतरले, आणि त्याच सुमारास किशोर गाडी घेऊन हजर झाला.

“बस झालं बाबा. चला आता. लिफ्टपण चालू आहे हल्ली.”

खिडकीपुढे उभी राहून माणसे कंट्रोलरकडे जसे बघत, ‘शेवटची गाडी येईल ना हो?’ असे, तसे येसाजींनी डॉक्टरांकडे पाहिले.

डॉक्टरांना ती नजर कळली असावी. “मशीन लागणार नाही,” त्या किशोरला म्हणाल्या. “निदान आत्ता तरी नाही. यांचं मशीनवाचून काही अडलेलं नाही. भातावाचून अडलंय. मला एक महिना द्या. चूक माझीही आहे. त्या दिवशी दारात गर्दी होती, मी नुसतं पथ्य म्हणाले आणि मोकळी झाले.”

मग त्यांनी दार लावून घेतले आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. सैंधव हेही मीठच. तुमच्या रक्तात पोटॅशियम वाढलेय, म्हणून बटाटा, रताळे, केळे, शहाळे, शेंगदाणे तूर्त लांब. भात खा, भाकरी खा, भाजी उकडून पाणी टाकून खा, वरण थोडे. पाणी तहानेपुरते, कोणी सांगितले म्हणून हंडाभर नाही आणि कोणी भिववले म्हणून घोटभर नाही. आणि गोळी रोज घ्यायची, जेवण होवो, फराळ होवो, नाहीतर भांडण होऊन दोन्ही न होवो.

येसाजी मन लावून ऐकत होते. “म्हंजे असं,” ते हळूहळू म्हणाले, “ष्टँडात गाड्या येतायत तेवढ्याच, पन बाहेर सोडनारा कंट्रोलर म्हातारा झालाय.”

“अगदी तसंच.”

“त्याची बदली होत नाय?”

“नाही.”

“मग त्याच्या ष्टँडात गाड्याच कमी सोडायच्या.”

“काका, तुम्हाला काय समजलं, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाल्या.

चंद्राबाईंना सगळे पटले. पण एक होते. “उपास मधेच कसा सोडनार? गावदेवीचा हाय. उद्यापन शिमग्याला.”

डॉक्टरांनी थोडा विचार केला. “मग उद्यापन अलीकडे घ्या.”

हैबतींना फोन लावला. हैबती म्हणाले, तारीख ठरावात आहे, बदलायची तर बैठक पाहिजे, आणि मुंबईचा कोरम पाहिजे. उपाध्यक्ष हजर असल्याशिवाय श्रीपत ऐकणार नाही.

खाटेशेजारी उभ्या असलेल्या उपाध्यक्षांकडे सगळ्यांनी पाहिले. किशोर कळंबे यांनी सलाइनच्या दांडीला धरून, दवाखान्यातूनच, फोनवर मत दिले. मंडळाच्या इतिहासात ते पहिल्यांदाच मीटिंगला हजर राहिले होते.

त्याच आठवड्यात कळंब्यांच्या अंगणात पंगत बसली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चंद्राबाईंनी स्वयंपाकात मीठ बेताचे घातले होते, म्हणजे त्यांच्या मताने घातले होते आणि वाडीच्या मताने दाखवले होते. पानावर डाव्या कोपऱ्यात आधी मीठ वाढतात. तो कोपरा या पंगतीत रिकामा होता. हैबती त्या रिकाम्या कोपऱ्याकडे, माणूस पडलेल्या दातापाशी जीभ नेतो, तसे पुन्हा पुन्हा पाहत होते.

येसाजींनी भाताचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. जेवण झाले. ‘जेवण’ झाले, हे महत्त्वाचे. मग चंद्राबाई तबकात हळदकुंकू, निरांजन आणि मध्ये एक गोळी घेऊन आल्या. येसाजींनी ती सगळ्यांसमक्ष पाण्याबरोबर घेतली. दोघातिघांनी हात जोडले.

“मलाबी एक दे गो परसाद,” बनुबाई म्हणाली.

“नाय,” चंद्राबाई म्हणाल्या. “ज्याची त्यानं घ्यायची. तुला गुडघ्याचं दाखवायचं तर महाडला चल.”

आणि त्याच वेळी हैबतींनी बंडीच्या खिशातून हळूच एक पुडी काढून वरणावर रिकामी केली. शेजारच्याने नुसता हात पुढे केला. पुडी रांगेच्या शेवटापर्यंत गेली. येसाजींनी पाहिले, पण कंट्रोलर असताना टपावर बसलेले प्रवासी ते जसे पाहत नसत, तसेच हेही त्यांनी पाहिले नाही.

महिन्याने पुन्हा रक्त गेले, पुन्हा कागद आला. किशोर डोंबिवलीहून फोन धरून बसला होता.

“पोटॅशियम ठीक, बीपी ठीक,” डॉक्टर म्हणाल्या. “किडनीचा आकडा होता तिथंच परत आलाय.”

“होता तिथंच?” किशोर म्हणाला. “म्हणजे कमी नाही झाला?”

“गाडी फलाटाला उभी हाय,” येसाजींनी फोनमध्ये सांगितले. “पुढं गेली नाय. या आजारात उभी राहिली की पोचलीच म्हनायची. तू तुझ्या कामाला जा.”

किशोर म्हणाला, “बरं. शिमग्याला येतो,” आणि त्यात गाडीचा उल्लेख नव्हता. चंद्राबाईंनी पदराने चेहरा पुसला आणि गोळ्या आणायला खालच्या मेडिकलमध्ये गेल्या.

“काका,” डॉक्टर म्हणाल्या, “दर गुरुवारी मी किडनीचे पेशंट एकत्र बसवते. मी सांगते ते त्यांच्या डोक्यावरून जातं. तुमचा तो ष्टँडाचा दाखला मला आवडला. तुम्ही याल का समजवायला?”

येसाजी खुर्चीत ताठ झाले. घसा खाकरला. त्यांच्या मनात पडवी, खिडकी आणि गुरुवारची गर्दी ही एकदम उभी राहिली. “म्याडम,” ते म्हणाले, “आजार हा शत्रू नाही. अज्ञान हा शत्रू आहे. ज्याने आपला अवयव ओळखला, त्याने निम्मी लढाई जिंकली. मी येईन.”

“छान. आणि तुमची काही शंका राहिली नाही ना?”

येसाजींनी दाराकडे पाहिले. चंद्राबाई अजून वर आल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“सगळं समजलं. फक्त ती असते कुठं, तेवढं जरा हात लावून दाखवा.”

डॉक्टरांना आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली. त्यांनी येसाजींना पाठमोरे उभे केले आणि दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर, बरगड्या संपतात तिथे, कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकवले.

येसाजी तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या दिवसांचा पोटावरचा हात त्यांनी हळूच खाली घेतला.

“पाठीला?”

“पाठीला.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“आनि पुढं दुखत होतं ते?”

“गॅस.”

येसाजींनी सदरा सारखा केला. वळले.

“म्याडम, गुरुवारी येतो,” ते म्हणाले. “फक्त एक करा. हे हैबतीला सांगू नका.”